बारगिराची आई

"आपका कौन सा है?" शेजारच्या गृहस्थांनी विचारलं.

जानेवारीतली सकाळ होती. कठड्याची लोखंडी नळी इतकी गार, की हात ठेवला तर चटका बसल्यासारखं वाटत होतं. मैदानावर धुकं, धुक्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे अडथळ्यांचे दांडे, आणि लाउडस्पीकरवर कुणीतरी मघापासून "हॅलो, हॅलो" करत होतं. गृहस्थांच्या अंगात भारी जॅकेट, हातात थर्मासचं झाकण, त्यातून आल्याच्या चहाचा वास. शाळेच्या फाटकाशीही आईबाप एकमेकांना हाच प्रश्न विचारतात, पण तिथे तो मुलाबद्दल असतो. घोडेस्वारीच्या स्पर्धेत तो घोड्याबद्दल असतो, एवढं मला सव्वादोन वर्षांत कळलं होतं. मी बोट दाखवलं. "वो, भूरा वाला."

"अच्छा घोड़ा है. अपना है?"

"हाँ," मी म्हणाले.

माझी पंधरा वर्षांची लेक चार हातांवर त्याच घोड्याचा तंग आवळत होती. तिने ऐकलं. खोगिराच्या पलीकडून तिचे फक्त डोळे दिसत होते. ते माझ्यावर जरा थांबले, मग ती खाली वाकली आणि तिने पट्टा एक भोक वर चढवला. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

घोडा आमचा नव्हता. क्लबचा होता.

खोटं बोलायची मला अगदीच सवय नाही असं नाही. साडीची किंमत मी घरी कधीच खरी सांगितलेली नाही. पण त्या खोट्याला काही कारण असतं, निदान फायदा तरी असतो. ज्या माणसाचं नावही मला ठाऊक नव्हतं, त्याच्यापुढे दुसऱ्याचा घोडा आपला म्हणून मिरवून मला काय मिळणार होतं? घरी आल्यावर भांडी लावताना, दुसऱ्या दिवशी बँकेत टोकन नंबर पुकारताना, रात्री दिवा मालवल्यावर तो 'हाँ' पुन्हापुन्हा वर यायचा, आंबट ढेकरासारखा.

बंडू हे त्याचं ठाणावरचं नाव. कागदावर त्याला भलंमोठं इंग्रजी नाव आहे, कारण तो मूळचा रेसचा. आपल्याकडच्या क्लबांमधले कितीतरी घोडे असेच शर्यतीतून बाद झालेले असतात. पाय मंदावले की धनी बदलतो, आणि जन्मभर नुसतं पळायला शिकलेल्या जनावराला मग थांबायला शिकवावं लागतं. रंगाने कुमाईत, म्हणजे अंग तपकिरी आणि आयाळ, शेपूट, गुडघ्याखालचे पाय काळे. कपाळावर पांढरी चांदणी, तीही वाकडी, चुना लावताना कुणाचा तरी हात हलावा तशी. चिडला की कान मागे टाकतो, खूश असला की खालचा ओठ लोंबतो. त्या लोंबत्या ओठामुळेच लेकीने त्याचं नाव बंडू ठेवलं. तिच्या मते तो आमच्या एका नातलगासारखा दिसतो. कोणत्या, ते इथे लिहीत नाही, ते वाचतात.

आमच्या घराण्यात घोड्याचा संबंध देवघरातल्या खंडोबाच्या टाकापुरता. चांदीच्या पत्र्यावर उठवलेला, वर्षानुवर्षांच्या हळदीने गुळगुळीत झालेला घोडा. त्याचे कान कधीच झिजून गेलेत. लेकीचं वेड सुरू झालं ते २०२३ च्या सप्टेंबरात. हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुदीप्ति हाजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण, १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर ४१ वर्षांनी. आणि सुदीप्ति आमच्या इंदूरची! मग काय विचारता. ज्यांनी आदल्या दिवसापर्यंत घोडा फक्त वरातीत पाहिला होता, ते लोक छप्पन दुकानांवर पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत ड्रेसाजबद्दल बोलत होते. लेक तेव्हा तेरा वर्षांची. वीस बाय साठ मीटरच्या त्या वाळूच्या चौकटीत घोडा नाचल्यासारखा तिरपा चालत जातो आणि वरची मुलगी काहीच करत नसल्यासारखी दिसते, हे तिने मोबाइलवर किती वेळा पाहिलं असेल, गणती नाही. "आई, ती काहीच करत नाहीये असं वाटतं ना? ती सगळं करून राहिलीये." पुढे कधीतरी मी वाचलं, की ही मुलं युरोपात राहून शिकली आणि त्यांचे घोडेही तिथूनच चीनला गेले, कारण तेव्हा इथून घोडा बाहेर न्यायचा तर रोगराईचे नियम आडवे येत. ते वाचून पोटात गोळा आला. लेकीला मी ते सांगितलं नाही. तिला ते आधीच माहीत होतं, हे मला नंतर कळलं.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि तेव्हापासून बखरींत राहतात. नात घोड्यावर बसते म्हटल्यावर घरात सगळ्यात खूश झाले ते हेच. बाकी सगळे एकतर "वा, झाशीची राणी!" म्हणाले, नाहीतर "पडली-बिडली तर? मुलीची जात आहे." अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "घोडा कुणाचा?" क्लबचा, असं सांगितल्यावर हसून म्हणाले, "म्हणजे आमची नात बारगीर." मग त्यांनी मला समजावलं. बारगीर म्हणजे सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा, आणि शिलेदार म्हणजे घोडा आणि हत्यार घरचं घेऊन येणारा. शिलेदाराला पगार जास्त, मान जास्त. पण लढाईत घोडा मेला तर बारगिराला दुसरा घोडा मिळे, शिलेदाराचं घर बसे. म्हणून शिलेदार घोडा जपून घालत, असं म्हणतात. "आणि मल्हारराव?" मी विचारलं. इंदुरात राहून मल्हाररावांबद्दल न विचारणं बरं दिसत नाही. "ते तरी काय सुभेदार म्हणून जन्माला आले होते? कदम बांड्यांच्या पदरी स्वार म्हणून लागले ते. राजवाडा नंतरचा."

तेव्हा मला ही गंमत वाटली होती. मैदानावर गेल्यावर समजलं की हे दोन शब्द अजून जिवंत आहेत, फक्त कुणी उच्चारत नाही. घरचा घोडा असलेल्या मुलांच्या खोगिराखालच्या कापडावर त्यांचं नाव भरतकाम केलेलं असतं. त्यांचा घोडा त्यांच्याशिवाय कुणाला घेऊन दमलेला नसतो. बारगीर मुलांना सकाळी फळ्यावर बघावं लागतं, आज कोणता घोडा, कितीचा तास. बंडू लेकीच्या वाट्याला आठवड्यातून चारदा यायचा. उरलेल्या दिवशी त्याच्यावर नवशिकी मुलं बसत, लगामाला लोंबकळत, आणि दुसऱ्या दिवशी लेक कुरकुरायची, "त्याचं तोंड बधिर करून ठेवलं गं सगळ्यांनी."

आता थोडं माझ्या पहाटांबद्दल. रविवारी पाचला उठून खंडवा रोडने जायचं. हिवाळ्यात कारच्या काचेवर आतून बाष्प धरायचं, लेक मागच्या सीटवर हेल्मेट मांडीत घेऊन झोपलेली. तबेल्यात शिरलं की आधी वास येतो: ओलं गवत, लीद, घाम, चामड्याला लावायचं तेल. पहिले दोन महिने मी नाकाला ओढणी लावत होते. आता त्या वासाने मला भूक लागते, हे कुणाला सांगायची सोय नाही. खराऱ्याचे हात कसे गोल फिरवायचे, पाय उचलायला सांगताना खांद्यापासून खाली हात कसा न्यायचा, हे मी लेकीकडून शिकले. खुराच्या तळाशी मधोमध मऊ, रबरासारखा त्रिकोण असतो. इंग्रजीत त्याला बेडूक म्हणतात. का ते मला कुणी सांगू शकलेलं नाही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत माती आणि लीद घट्ट बसते, कधी खडा अडकतो. तो आकड्याने काढायचा, बेडकाला न दुखावता. पाचशे किलोचं जनावर तोवर तीन पायांवर उभं राहून तुमच्या पाठीवर उसासे टाकत असतं. सव्वादोन वर्षांत मी घोड्यावर एकदाही बसले नाही, पण एवढं करते.

स्पर्धेच्या सकाळी आयाळीच्या वेण्या घालतात. लेक दहा वर्षांची होईपर्यंत रोज सकाळी मी तिची तिपेडी वेणी घालत असे, खोबरेल लावून, कपाळ ताणलं जाईपर्यंत घट्ट. ती रडायची. अकराव्या वर्षी तिने केस मानेपर्यंत कापून घेतले आणि तो विषय संपला. त्या जानेवारीतल्या सकाळी मी पाहिलं, तर स्टुलावर उभी राहून ती बंडूच्या मानेवर ओळीने वेण्या घालत होती. बोटं ओली करून, तीन पेड सारखे करून, पहिला वळसा घट्ट, मग जरा सैल. अगदी माझ्यासारखं. एकेक वेणी दुमडून वर रबर बांधत होती, लाडूएवढी गाठ. तिला मी हे कधी शिकवलेलं नाही. शिकवायला ती कधी बसलीच नाही.

याच घोड्याला मी 'आपला' म्हणाले, हे मला त्या क्षणी फारसं खोटं वाटलं नसावं.

पण तेवढंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता. खरं सांगायचं तर त्या माणसाच्या थर्मासपुढे, जॅकेटपुढे मला बारगिराची आई व्हायचं नव्हतं. बोर्डाच्या परीक्षेला महिना राहिला असताना मुलीला घोड्यावर बसवणारी बाई मी. नातेवाइकांनी तोंडावर म्हणून झालं होतं. भंवरकुआंच्या क्लासवाल्यांचे फोन येत होते, की मॅडम, दहावीनंतर लगेच बॅच आहे. निदान इथे तरी, या कठड्याशी, आपण जे करतोय ते थाटात करतोय असं कुणालातरी वाटावं, अशी काहीतरी भिकार इच्छा होती ती.

स्पर्धेआधी स्वार मैदान पायी फिरतात. हे दृश्य मला फार आवडतं. ताठ कोट, पांढऱ्या विजारी घातलेली मुलं दोन अडथळ्यांमधलं अंतर लांब ढांगा टाकत मोजत जातात, ओठ पुटपुटत असतात. माणसाची चार मोठी पावलं म्हणजे घोड्याची एक झेप. त्यांचे शिक्षक, घोडदळातून निवृत्त झालेले रिसालदारसाहेब, बाजूने चालत एकच मंत्र म्हणतात: "एड़ी नीचे, नज़र ऊपर." मग घंटा. घंटेनंतर ४५ सेकंदांत सुरुवातीची रेघ ओलांडायची. लाल झेंडी उजव्या हाताला, पांढरी डाव्या. दांडा पडला तर चार गुण, घोडा अडला तर चार गुण, दुसऱ्यांदा अडला की बाहेर. घोड्याचे डोळे दोन बाजूंना असतात. जवळजवळ सगळीकडचं दिसतं, नेमकं कपाळासमोरचं तेवढं दिसत नाही. म्हणजे ऐन उडीच्या वेळी तो मघाशी पाहिलेल्यावर आणि वरच्या पोरीवर विश्वास टाकून झेपावतो. हे कळल्यापासून मी प्रत्येक उडीला डोळे मिटते.

पहिले चार अडथळे स्वच्छ गेले. दुडकीत सुरुवात, मग लयीत, टापांचा तो तिहेरी ठेका. पाचव्याखाली कुणीतरी झेंडूच्या कुंड्या मांडल्या होत्या. बंडू आला, आला, आणि चारी पाय रोवून थांबला. लेक त्याच्या मानेवर गेली. हेल्मेट त्या वेण्यांना आपटलं, एक रिकीब सुटली. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो 'पडली' हा नव्हता. 'ते बघतायत' हा होता. त्या माणसासमोर आमचा घोडा अडला.

लेकीने मांड सावरली, पायाने रिकीब शोधली, गोल वळसा घेतला. चाबूक उगारला नाही, त्याच्या मानेवर नुसता हात ठेवला. दुसऱ्यांदा कुंड्यांवरून तो गरजेपेक्षा हातभर उंच गेला. सातव्याचा मागचा दांडा मागच्या खुराला लागून पडला, लाकूड मातीवर गडगडतं त्या आवाजासकट. एकूण आठ गुण. क्रमांकाचा प्रश्नच नव्हता.

ती उतरली, तंग सैल केला, स्पंजने त्याच्या मानेवर पाणी पिळू लागली. त्याच्या अंगातून वाफा निघत होत्या. गृहस्थ थर्माससकट आले. म्हणाले, मुलासाठी असाच समजूतदार घोडा शोधतोय, अडला पण दुसऱ्यांदा इमानाने गेला. मग आवाज खाली आणून, "बुरा मत मानिएगा, देने का विचार हो तो बताइए."

नाही म्हणायचं होतं मला. "नहीं, देना नहीं है." सकाळच्या खोट्याला शोभेल असं दुसरं खोटं, आणि विषय तिथेच मिटला असता. मी तोंड उघडलंही होतं.

"अंकल, ये क्लब का है," स्पंज न थांबवता लेक म्हणाली. "मेरा नहीं है."

"अच्छा, अच्छा," ते म्हणाले. माझ्याकडे पाहून सभ्यपणे हसले आणि थर्मासचं झाकण फिरवून लावलं.

परतीच्या वाटेवर आम्ही गाडी थांबवून पोहे खाल्ले. जिलबी मोडता मोडता तिने विचारलं, "आई, तू तसं का म्हणालीस?" "सहज गं." "सहज नाही," ती म्हणाली आणि बोटं चाटत गाडीत जाऊन बसली.

मार्चमध्ये तिचा शेवटचा पेपर झाला. त्याच आठवड्यात बंडू त्या गृहस्थांनी विकत घेतला. क्लबचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. एका घोड्याची चंदी, गवत, दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद, डॉक्टर, साईसचा पगार, हे सगळं फीमधून भागत नसतं. जनावर कुठे गेलंही नाही. ठाण तेच, फक्त दारावर पितळी पाटी आली, मुलाचं नाव आणि खाली बंडूचं ते कागदावरचं नाव. लेकीने पाटी वाचली. म्हणाली, "मीच सांगितलं ना त्यांना." एवढंच. तिने खरं सांगितल्यामुळे घोडा गेला आणि मी रेटलेल्या खोट्याने कदाचित राहिला असता, हा हिशेब तिनेही केला होता म्हणजे. मी म्हणाले, आज ना उद्या गेलाच असता. त्या रात्री नवऱ्याने विजेच्या बिलाच्या पाठीवर आकडे मांडून पाहिले. महिन्याचा खर्च आमच्या घराच्या हप्त्याला जाऊन भिडला, आणि ती तर खरेदीनंतरची गोष्ट. त्याने बिल नीट घडी घालून खिशात ठेवलं. जेवताना अण्णा समजूत घालायला म्हणाले, "अगं, बारगिराला दुसरा घोडा मिळतोच." लेक ताट तसंच टाकून उठली. अण्णा माझ्याकडे बघत राहिले, "माझं काय चुकलं?"

आणि मी? मला त्या रात्री झोप छान लागली. हे लिहायला हात अडखळतो आहे. गेल्या पावसाळ्यात बंडूला पोटशूळ उठला होता. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटदुखीसुद्धा जिवावर बेतते. साईसचा फोन आला आणि लेक ऐकेना, म्हणून रात्री अकराला आम्ही दोघी गेलो. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, इंजेक्शन दिलं, आणि मग ती आणि साईस त्याला चिखलात आळीपाळीने चालवत राहिले. दोनच्या सुमाराला त्याने लीद टाकली आणि तीन माणसं एकमेकांना टाळ्या देऊन हसली. मीही हसले. पण घरी येताना मनात होतं, हे किती दिवस? बंडू विकला गेल्यावर त्याच आवाजात आतून कुणीतरी म्हणालं, सुटलो. आता उतरेल हिचं भूत. आता अकरावी, क्लास, सगळं जिथल्या तिथे.

भूत उतरलं नाही. फळ्यावर तिच्या नावापुढे आता एक घोडी असते, सब्ज्या, म्हणजे करड्या रंगाची, चावरी. पहिल्याच आठवड्यात तिने लेकीच्या दंडाला निळा डाग दिला. ती त्याच्यावर बर्फ धरून म्हणाली, "तिला तंग आवळलेला आवडत नाही. हळूहळू आवळला तर नाही चावत."

परवा, ऊन चढायच्या आत, क्लबातल्या क्लबात छोटी स्पर्धा होती. तो मुलगा बंडूवर बसणार होता. मुलगा चांगला आहे, भित्रा आहे, बंडूला गाजर देताना हात लांब ठेवतो. त्याला वेण्या येत नाहीत, त्याच्या आईलाही नाहीत. लेक आपण होऊन स्टूल घेऊन आली. मुलाच्या आईने मला विचारलं, दोन मिनिटं लगाम धराल का, फोन घ्यायचा आहे. मी धरला. बंडूने माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि वरखाली घासलं, उकाड्याने डोकं खाजत असावं त्याचं. ओढणीवर घामाचा आणि हिरव्या फेसाचा हा एवढा पट्टा उमटला. खालचा ओठ लोंबत होता.

ती बाई फोन संपवून आली. "अरे वा," ती म्हणाली, "ये तो आपको पहचानता है."

"हाँ," मी म्हणाले.

आयाळीत दोन्ही हात अडकलेले, दातांत कंगवा. वर न बघता लेकीने कोपराने मला ढोसलं आणि कंगव्याआडून म्हणाली, "आई, रबर."